घाटाचा क्लच आणि शर्यतीचा क्लच

मोटार विकत घेताना माणूस तिचा रंग पाहतो, इंजिनाची ताकद विचारतो, एका लिटरला किती किलोमीटर पडतात याचा हिशेब करतो. क्लचची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. तो दिसत नाही, बोलत नाही, आणि चांगला असेल तोवर आपण आहोत हे जाणवूही देत नाही. एखाद्या दिवशी भरलेली गाडी चढावर उभी राहते, इंजिन नुसते ओरडते, चाके हलत नाहीत आणि जळक्या वासाने केबिन भरून जाते. मग सगळ्यांना क्लच आठवतो.

आमचे पनवेल घाटाच्या पायथ्याचे गाव. इकडे कळंबोलीचा लोखंड बाजार, तिकडे पळस्पे फाट्यावरून कोकणात उतरणारा रस्ता, आणि समोर खोपोलीच्या पुढे उभा ठाकलेला बोरघाट. या घाटातला गाडीरस्ता 1830 साली वाहतुकीस खुला झाला, 1863 साली आगगाडी घाट चढू लागली, आणि 2002 सालापासून द्रुतगती मार्ग पूर्णपणे वापरात आला. रस्ते बदलले, वाहने बदलली, पण चढ तोच राहिला. म्हणून क्लच या विषयावर पनवेलच्या माणसाने चार शब्द बोलावेत, यात फारसे वावगे नाही.

आजच्या भाषणाला निमित्त झाला तो माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा प्रश्न. त्याच्याकडे जुनी कॉन्टेसा गाडी आहे. 1980 च्या दशकात ही गाडी बाजारात आली आणि 2002 च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. लांब नाक, रुंद बांधा, दणकट रूप. अमेरिकेत ज्यांना ‘मसल कार’ म्हणजे पिळदार स्नायूंची गाडी म्हणतात, त्यांची आठवण करून देणारी आपल्याकडची हीच एक. या तरुणाने रीतसर परवानगी घेऊन तीत अधिक ताकदीचे इंजिन बसविण्याचे ठरविले आहे. गाडी रोज खोपोलीपर्यंत कामाला न्यायची, आणि वर्षातून एखाद्या वेळी सरळ धावपट्टीवरच्या शर्यतीत उतरवायची, असा त्याचा मनसुबा. तो म्हणाला, “सर, सगळ्यांत जबर क्लच कोणता, तेवढे सांगा. पैसे जमवले आहेत.” मी त्याला म्हणालो, “तुझा प्रश्नच थोडा बदल. सगळ्यांत जबर कोणता हे विचारू नकोस, तुझ्या कामाला जुळणारा कोणता हे विचार.” हा बदललेला प्रश्न त्याच्याइतकाच तुमचाही आहे. तुमची जीप असो, भाजीची पिकअप असो, की उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर असो. एकाच वाहनाकडून आपण दोन कामे घेतो, आणि अडचण तिथेच सुरू होते.

प्रथम क्लच म्हणजे काय ते पाहू. इंजिन एकदा सुरू झाले की ते फिरतच राहिले पाहिजे, थांबले की बंद पडले. चाके मात्र कधी उभी, कधी फिरती. फिरणाऱ्याची आणि उभ्याची गाठ एकदम बांधली तर धक्का बसेल, काहीतरी मोडेल किंवा इंजिन बंद पडेल. म्हणून मध्ये एक मध्यस्थ लागतो. इंजिनाच्या मागे एक जड लोखंडी चाक असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्याशी लागून क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर लावलेले असते, कारागीर त्याला लायनिंग म्हणतात. तिच्या मागे प्रेशर प्लेट, आणि तिला दाबून धरणारी भक्कम स्प्रिंग. दोन जड पाटांमध्ये एक तबकडी चेपून धरावी तसा हा प्रकार आहे. पायाने पेडल दाबले की स्प्रिंगचा दाब निघतो आणि तबकडी मोकळी होते. पाय सोडला की ती पुन्हा चेपली जाते, आणि इंजिनाची फिरकी गिअरकडे व तिथून चाकांकडे जाते.

पाय हळूहळू सोडताना क्षणभर ही तबकडी घसरते. आपले ड्रायव्हर लोक याला ‘हाफ क्लच’ म्हणतात. हे घसरणे हा दोष नव्हे. ते नसते तर गाडी जागेवरून हललीच नसती. पण घसरण्यात घर्षण आहे आणि घर्षणात उष्णता आहे. क्लचची सारी विद्या या एका गोष्टीत आली: हवे तेव्हा घसरावे, नको तेव्हा मुळीच घसरू नये, आणि घसरताना जी उष्णता होईल ती सोसावी.

आता थोडे गणित करू. शिक्षक बंधुभगिनींनी ते फळ्यावर मांडावे, नववी-दहावीच्या मुलांना सहज कळेल. क्लच किती फिरकी पेलू शकेल हे चार गोष्टींवर ठरते: अस्तराचा घर्षणांक, स्प्रिंगचा दाब, घासणाऱ्या बाजूंची संख्या आणि तबकडीची सरासरी त्रिज्या. या चारांचा गुणाकार करायचा. समजा घर्षणांक 0.3 आहे, दाब 500 किलो वजनाइतका आहे, बाजू दोन आहेत, आणि सरासरी त्रिज्या 10 सेंटिमीटर म्हणजे 0.1 मीटर आहे. गुणाकार येतो 30. म्हणजे एक मीटर लांबीच्या पहारीच्या टोकाला 30 किलोचे ओझे लटकावले असता जेवढी पिळणारी ताकद होईल, तेवढी हा क्लच पेलतो. इंजिनाची पिळणारी ताकद याच मापाने 25 असेल, तर क्लच पुरेसा आहे आणि वर पाच शिल्लक आहेत.

ही शिल्लक महत्त्वाची. क्लचच्या लायनिंगला इंजिनाचे तेल लागले आणि घर्षणांक 0.3 वरून 0.1 वर आला, तर तोच क्लच 30 ऐवजी फक्त 10 पेलेल. स्प्रिंग तीच, तबकडी तीच, पण गाडी चढ चढणार नाही. अति तापल्यामुळे घर्षणांक 0.2 वर उतरला, तरी क्षमता 20 झाली आणि इंजिन मात्र 25 देते आहे. मग तबकडी घसरू लागते, घसरल्याने अधिक तापते, आणि तापल्याने अधिक घसरते. कर्जावर व्याज आणि व्याजावर पुन्हा व्याज चढावे तसे हे चक्र आहे. म्हणून क्लचची क्षमता इंजिनाच्या ताकदीपेक्षा साधारण सव्वा ते दीडपट असावी, असा धोपटमार्ग आहे. याहून कमी असेल तर धोका असतो. याहून फार जास्त असेल तर काय होते, ते पुढे सांगतो.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. समजा माणसे धरून गाडीचे वजन दीड टन आहे. रोजच्या रस्त्यावर आपण इंजिनाचे मिनिटाला हजारभर फेरे ठेवून क्लच सोडतो, आणि गाडीने ताशी 10 किलोमीटरचा वेग घेतला की तबकडीचे घसरणे संपते. शर्यतीत चालक इंजिन मिनिटाला 4,000 फेऱ्यांवर ठेवतो आणि क्लच सोडतो, तिथे घसरणे संपायला गाडी ताशी 40 किलोमीटरपर्यंत जावी लागते. इंजिनाचे फेरे कायम ठेवले, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते साधारण तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग चौपट झाला, म्हणून उष्णता सोळापट. साध्या सुरुवातीत होणाऱ्या उष्णतेने चार चमचे पाणी उकळीला येईल, तर शर्यतीच्या एका सुरुवातीत दोन-तीन कप चहाचे पाणी उकळेल. आणि हे सारे दोन-तीन सेकंदांत, हाताच्या पंज्याएवढ्या रुंदीच्या एका कड्यावर.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, आम्हांला शर्यतीशी काय कर्तव्य? तर आता घाटात चला. माल भरलेली तीन टनांची पिकअप आहे. वीस मीटर चालल्यावर एक मीटर चढणारा रस्ता आहे. पुढे वाहनांची रांग लागली आहे. चालक हँडब्रेक ओढण्याचा कंटाळा करतो आणि गाडी हाफ क्लचवर, जागच्या जागी तोलून धरतो. गाडी हलत नाही, म्हणून काही घडत नाही असे त्याला वाटते. पण उतारावरून गाडीला मागे ओढणारे ओझे तिच्या वजनाच्या विसाव्या हिश्शाचे, म्हणजे 150 किलोचे असते. इंजिन मिनिटाला 1,200 फेरे फिरते आहे, आणि त्याचे सारे काम क्लचमध्ये उष्णता होऊन जाते आहे. ढोबळ हिशेब केला तर अर्ध्या मिनिटात सुमारे एक लाख ज्यूल. श्रोतेहो, शर्यतीच्या त्या एका सुरुवातीइतकीच ही उष्णता आहे! ज्याने जन्मात शर्यत पाहिली नाही, तो भाजीवाला चालक घाटातल्या रांगेत दहा वेळा शर्यत खेळून येतो, आणि महिन्याभरात प्लेट गेली की गॅरेजवाल्याला दोष देतो.

म्हणून चढावर थांबायचे तर हँडब्रेक लावावा, गाडी न्यूट्रलमध्ये घालून पाय पेडलवरून काढावा, आणि पुढची जागा नीट मोकळी झाल्यावरच निघावे. निघताना पहिला गिअर, बेताचे फेरे, क्लचने पकड घेतली असे जाणवताच हँडब्रेक सोडणे. एवढ्याने प्लेटचे आयुष्य किती वाढते, ते करून पाहावे.

आता त्या तरुणाच्या निवडीकडे येतो. सरळ धावपट्टीवरच्या या शर्यतीला ‘ड्रॅग’ शर्यत म्हणतात. अमेरिकेत 1950 साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर अशा शर्यती नियमाने भरू लागल्या. अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा लागतो आणि सुटतात. वळण नाही, डावपेच नाही, सारा खेळ सुरुवातीच्या पकडीचा. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. तेव्हा हा शौक परक्या देशापुरता राहिलेला नाही.

पण शर्यतीसाठी जे उत्तम, ते रोजच्या रस्त्यासाठी उत्तम असतेच असे नाही. हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. 2014 साली बंद पडलेल्या बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या, आणि 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मान्यता देणारा कायदा वैध ठरविला. शर्यतीच्या खिल्लारी बैलाला आपण बहुधा नांगराला जुंपत नाही. त्याचा स्वभाव वेगळा, खुराक वेगळा. तसेच नांगराचा शांत, सोशिक बैल घाटात पळविला तर तो मागे पडतो. ज्याच्या दावणीला एकच जोडी आहे, त्याने मात्र दोन्ही कामे थोडीथोडी करणारा बैल निवडायचा असतो. क्लचचेही तसेच आहे.

निवड मुख्यतः तीन ठिकाणी करायची असते. पहिले ठिकाण लायनिंगचे. साध्या गाड्यांत तंतू आणि राळ यांपासून केलेले लायनिंग असते. ते मऊपणे पकडते, धक्का देत नाही, फ्लायव्हीलला ओरबाडत नाही. पण सुमारे अडीचशे-तीनशे अंशांपुढे तापले की त्याची पकड ढिली होते आणि वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो. दुसऱ्या टोकाला धातूची भुकटी दाबून व भाजून केलेल्या टिकल्यांचे लायनिंग. त्याचा घर्षणांक जास्त, उष्णता सोसण्याची ताकद मोठी. पण ते एकदम पकडते. पळस्पे फाट्यावरच्या गर्दीत पावलापावलाने गाडी पुढे घेताना अशी गाडी थरथरते, उड्या मारते, आणि फ्लायव्हील लवकर झिजते. या दोघांच्या मधले म्हणजे केव्हलार जातीच्या चिवट तंतूंचे लायनिंग. पकड मऊ, आयुष्य मोठे, पण नवीन असताना फार जपावे लागते. काही प्लेटांच्या एका बाजूला साधे व दुसऱ्या बाजूला धातूचे लायनिंग असते. तोही एक मध्यम मार्ग आहे.

दुसरे ठिकाण स्प्रिंगचे. दाब वाढवला की क्षमता वाढते. मघाच्या उदाहरणात 500 च्या जागी 580 किलो दाब केला तर क्षमता 30 वरून जवळजवळ 35 झाली. लायनिंग तेच, मऊपणा तोच. पण हा वाढीव भार शेवटी पायावर येतो. एका शर्यतीत तो जाणवणार नाही. पनवेलहून शीवपर्यंतच्या गर्दीत शंभर-दीडशे वेळा पेडल दाबायचे असेल, तर संध्याकाळी गुडघा बोलू लागतो. शिवाय पेडल दाबताना तोच भार इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या बेअरिंगवरही येतो. म्हणून दाब गरजेपुरताच वाढवावा.

तिसरे ठिकाण तबकड्यांच्या संख्येचे. एकाऐवजी दोन तबकड्या घातल्या की घासणाऱ्या बाजू दोनाच्या चार होतात, आणि तेवढ्याच स्प्रिंगमध्ये क्षमता दुप्पट होते. पाय हलका, पकड भारी. पण खर्च मोठा, जुळणी अवघड, आणि बसवणारा कारागीर जाणता लागतो.

याशिवाय प्लेटच्या मध्यभागी चार-सहा लहान स्प्रिंगा असतात. त्या धक्का गिळतात. केवळ शर्यतीसाठी केलेल्या काही प्लेटांत त्या नसतातच. रस्त्यावरच्या गाडीला अशी प्लेट घालू नये, गिअरबॉक्सचे दात रोज मार खातील.

इथेच ‘सगळ्यांत जबर क्लच’ या कल्पनेतला धोका कळतो. घरात विजेचा फ्यूज असतो. तो कमकुवत असला तर सारखा उडतो हे खरे, पण त्याच्या जागी जाड तार घातली तर घरच पेटते. क्लच गरजेपेक्षा फारच जबर असला, तर धक्का तो स्वतः घेत नाही, पुढे ढकलतो. मग गिअर तुटतो, प्रॉपेलर शाफ्ट पिळवटतो किंवा मागचा आस मोडतो. ज्या साखळीत पाच कड्या जुन्या आहेत, तिथे सहावी कडी पोलादाची घालून साखळी बळकट होत नाही. साध्या टायरांवर गाडी धावणार असेल, तर जोर अति झाला की टायर घसरतात आणि क्लच वाचतो. शर्यतीचे चिकट टायर घातले की ती सुटका राहत नाही. तेव्हा क्लच निवडण्यापूर्वी टायर कोणते, गाडीचे वजन किती, गिअरचे प्रमाण काय, आणि शंभरातले किती दिवस गाडी रस्त्यावर व किती दिवस धावपट्टीवर, हे कागदावर लिहून काढावे.

त्या तरुणाने ते लिहिले. वर्षाच्या 365 दिवसांपैकी शर्यतीचे दिवस निघाले दोन. मग उत्तर आपोआप सापडले: चांगल्या प्रतीचे तंतूंचे लायनिंग, मध्ये धक्का गिळणाऱ्या स्प्रिंगा, दाब थोडा वाढवलेला, क्षमता इंजिनाच्या सुमारे 1.4 पट. शर्यतीच्या दिवशी चार हजार फेऱ्यांऐवजी अडीच हजारांवर सुटायचे, आणि दोन धावांच्या मध्ये क्लचला निवू द्यायचे. अर्धा सेकंद जाईल तर जाऊ दे. उरलेल्या 363 दिवसांचे सुख त्या अर्ध्या सेकंदापेक्षा मोठे आहे. जमवलेल्या पैशांतून जे उरले ते त्याने ब्रेक आणि टायरांवर खर्च करावे, असे मी त्याला सांगितले आहे.

दोन गोष्टी मात्र मी त्याला निक्षून सांगितल्या, त्या तुम्हांलाही सांगतो. पहिली ही की, जास्त फेऱ्यांवर पळवायच्या इंजिनाला जुने ओतीव लोखंडाचे फ्लायव्हील ठेवू नये. ते तडकले तर त्याचे तुकडे गोळ्यांसारखे उडतात आणि गाडीचा पत्रा फोडून चालकाच्या पायांपर्यंत येतात. शर्यतीसाठी तपासून प्रमाणित केलेले पोलादी फ्लायव्हील आणि क्लचभोवती पोलादी कवच हवेच. इथे काटकसर करू नये. दुसरी ही की, शर्यत धावपट्टीवरच, परवानगीनेच. सार्वजनिक रस्त्यावर पैज लावून गाडी पळविणे हा 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पण दंडाचे सोडा. रात्री मोकळा दिसणारा रस्ता मोकळा नसतो. पाळी संपवून सायकलवर घरी निघालेला कामगार, दूध घेऊन येणारा गवळी, रस्ता ओलांडणारी म्हातारी, यांच्यापैकी कोणीतरी त्यावर असतेच. शिक्षकांनी वर्गातल्या थोरल्या मुलांना हे आवर्जून सांगावे. मुलांना वेगाची आवड असणारच. ती दडपू नये, तिला जागा दाखवून द्यावी.

क्लच निवडला, आता तो बसवायचा. गॅरेजमध्ये गाडी टाकून घरी निघून जाऊ नका, शेजारी उभे राहा. गिअरबॉक्स एकदा खाली उतरवला की मजुरीचा मोठा भाग तिथेच खर्च झाला, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकदमच बदलावीत. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग पाहावा. त्यावर निळे डाग, चरे किंवा बारीक तडे असतील तर ते लेथवर साफ करून घ्यावे, तडे खोल असतील तर बदलावे. इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत असेल तर आधी ते सील बदलावे, नाहीतर मघाचा 0.3 चा 0.1 व्हायला वेळ लागणार नाही. नव्या प्लेटला ग्रीसचे हात लावू देऊ नयेत. जुन्या गाड्यांच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. ती हवेच्या नळीने किंवा तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. गॅरेजात काम शिकणाऱ्या लहान पोरांच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

नवी प्लेट लागलीच कामाला जुंपू नये. पहिले पाचशे ते आठशे किलोमीटर गाडी साध्या रस्त्यावर, थांबत-निघत, हलक्या ओझ्याने चालवावी. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांशी जुळतात आणि मग पकड पूर्ण बसते. नव्या सुनेला आल्या दिवशीच चाळीस माणसांचा स्वयंपाक सांगू नये, तसेच हे. पेडलला वरच्या बाजूस थोडा मोकळा खेळ ठेवायचा असेल तर तो गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे ठेवावा. आणि गाडी चालताना डावा पाय पेडलवर विसावू देऊ नये. पायाचे नुसते वजनही बेअरिंग झिजवायला आणि पकड ढिली करायला पुरते.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक शब्द. कित्येक ट्रॅक्टरांत दुहेरी क्लच असतो. पेडल अर्धे दाबले की चाके सुटतात, पूर्ण दाबले की मळणी यंत्र किंवा रोटाव्हेटर फिरवणारा मागचा शाफ्टही सुटतो. अर्ध्या-मुर्ध्या दाबावर चिखलात तासन्‌तास काम करू नये, गिअर खाली घ्यावा. ओझे जड वाटले तर उपाय गिअरमध्ये शोधावा, हाफ क्लचमध्ये शोधू नये.

आता घाट उतरण्याविषयी सांगतो. हा माझ्या भाषणातला सर्वांत गंभीर भाग आहे. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना डिझेल वाचवण्यासाठी काही चालक गाडी न्यूट्रल करतात किंवा क्लच दाबून ठेवतात. असे केले की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे ओढून धरते, तो आधार जातो, आणि सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेकही घर्षणावरच चालतात. तेही तापतात, त्यांचाही घर्षणांक उतरतो. क्लच तापला तर गाडी थांबते, ब्रेक तापले तर गाडी थांबत नाही. या घाटाने अशा किती गाड्या पाहिल्या, ते घाटाखालच्या गावांना विचारा. आगगाडीवाल्यांनी ही गोष्ट पहिल्यापासून ओळखली. बोरघाटात 37 फुटांना एक फूट असा चढ आहे. चढताना गाडीला मागून जोड-इंजिने लावतात, आणि उतरताना सुटलेली गाडी अडवण्यासाठी चढाच्या फाट्यांची योजना केलेली असते. रेल्वे एवढी काळजी घेते, मग एकट्या चालकाने किती घ्यावी? ज्या गिअरने घाट चढलात, त्याच गिअरने उतरा, आणि क्लचवरून पाय काढा, हा जुना नियम आजही खरा आहे.

शेवटी शिक्षकांसाठी एक प्रयोग. लाकडाच्या दोन गोल चकत्या घ्या, एकीला मधोमध खिळ्यावर फिरती ठेवा आणि दुसरी तिच्यावर हाताने टेकवा. हलके दाबले तर दुसरी घसरते, जोराने दाबले तर बरोबर फिरते. मध्ये कापड ठेवा, मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवा, मग त्यावर गोडेतेलाचा एक थेंब टाका. प्रत्येक वेळी किती जोर लागतो ते मुलांनाच सांगू द्या. शेवटी तळहात एकमेकांवर जोराने चोळून गालाला लावायला सांगा. घर्षण, दाब आणि उष्णता हे तिन्ही धडे दहा मिनिटांत होतात, आणि उद्या त्या वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी घाटात गाडी चालवताना त्याची आठवण ठेवील.

श्रोतेहो, क्लच घेताना दुकानदाराला एवढेच विचारू नका की जबर कोणता, की स्वस्त कोणता. आपली गाडी काय ओढते, कुठे चढते, वर्षात किती दिवस कोणते काम करते, हे आधी स्वतःला विचारा. मग दुकानात जा. योग्य क्लच योग्य पायाखाली असेल तर तो वर्षानुवर्षे कुरकुर न करता काम करील, आणि तुम्हांला त्याची आठवणही येणार नाही. यंत्राच्या सेवेची याहून चांगली पावती नाही.